'पाहिजेत' : पण कोण पाहिजेत?

(वाशीम येथे बेरोजगार तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



माझ्या खिशात पेपरचं एक कात्रण आहे. घड्या पडून पडून त्याची चिंधी झाली. वाचून दाखवतो : 'पाहिजेत. ऑफिस असिस्टंट. पदवीधर. अनुभवाची अट नाही. पगार १८,०००. राहणे मोफत. मूळ कागदपत्रांसह भेटा.'

तुम्ही हसताय. मी तेव्हा हसलो नव्हतो. मायनं सोयाबीन सोंगणीच्या मजुरीतले तीनशे रुपये माझ्या हातावर ठेवले. बाप म्हणाला, "जाय बाबू, पाह्य. आमचा जलम उन्हात गेला, तुह्या तरी सावलीत जाऊ दे."

मालेगाव, मेडशी, पातूर करत एस.टी.नं अकोल्यात उतरलो. माडीवरच्या खोलीत चाळीसेक पोरं बसलेली. टेबलामागच्या साहेबानं माझी पदवी बाजूला सारली. "पूर्ण नाव?" सांगितलं. "गाव?" सांगितलं. "गावात घर कोणत्या बाजूला?"

दोस्तहो, फायली लावायला घराची बाजू कशाला लागते? माझ्या आधीच्या पोराला ती विचारली नव्हती. मी बाजू सांगितली. साहेब म्हणाले, "ऑफिसची जागा भरली. फील्डवर घेऊ. दीड हजार डिपॉझिट भरा, माल उचला, विकाल तेवढं कमिशन." खाली उतरल्यावर कळलं, डिपॉझिट सगळ्यांनाच मागितलं होतं. १८,००० पगाराची जागा नव्हतीच. फसवले चाळीसही जण. मला मात्र जाताना माझी जातही दाखवून दिली.

कुणी म्हणेल, हा तुमच्या मनाचा संशय. मग ऐका. आपल्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यात जन्मलेले डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नाव वेगळं. २००७ साली निष्कर्ष छापून आला : उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोनतृतीयांश, मुस्लिम नावाला एकतृतीयांश. म्हणजे टेबलापर्यंत पोचायच्या आधीच आपला अर्ज टोपलीत!

ही झाली खाजगी नोकरी. तिथं आरक्षणाचा कायदा नाही. पण राखीव जागेचं काय? १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा मिळाल्या. पुढं घटनेत कलम १६(४) आलं. राज्यात २००१ च्या कायद्यानं १३ टक्के ठरले. जाहिरातीत 'अ. जा. – १' छापतात. मीही अशा एका मुलाखतीला गेलो. तीन-चार मिनिटं बसवलं, विषयाचा एक प्रश्न नाही. पुढं कळलं, 'योग्य उमेदवार मिळाला नाही.' योग्यता मोजायचा काटा कुणाच्या हातात, हे यातून कळतं. केंद्रानं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या वर्गाच्या पदांची मुलाखतच बंद केली. पेपर तपासणाऱ्याला घराची बाजू दिसत नाही. तोंडी गुणांच्या अंधारातच हा खेळ चालतो.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. २०१८ साली दिल्लीनं त्याला 'आकांक्षित जिल्हा' म्हटलं. आकांक्षा आमच्याकडं पोत्यानं आहेत साहेब, जागा दाखवा!

रडत बसायला मी उभा नाही. नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. दिला असेल तर पावती, नंबर, कात्रण घेऊन ठाण्यात जा. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. एकट्यानं गेलात तर हाकलतील, दहा जण जा. सरकारी जागा असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. बिंदुनामावली मागा, आपले लेखी आणि तोंडी गुण मागा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग आहे.

आणि घरात लपवलेली कात्रणं बाहेर काढा. आपण फसलो याची आपल्यालाच लाज वाटते, म्हणून पोरगं गावात सांगत नाही आणि पुढच्या महिन्यात शेजारचं पोरगं त्याच माडीवर चढतं. मीही दोन वर्षं मायला खरं सांगितलं नव्हतं. तिचे तीनशे रुपये कुठं गेले, हे आज इथं पहिल्यांदा सांगतोय. पुढच्या बैठकीला तुमचं कात्रण घेऊन या.

जय भीम!