जुना संगणक, नवी प्रणाली

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. शाळांचे आणि विद्यार्थ्यांचे संगणक दुरुस्त करण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. तेव्हा माझ्या कामातलाच एक प्रश्न आपल्यापुढे मांडतो. तो वरवर लहान दिसतो, परंतु संस्थेचा पैसा, मुलांच्या गुणांच्या नोंदी आणि गरिबाच्या घरातले एकुलते एक यंत्र हे सारे त्यात गुंतलेले आहे.

२०२५ सालच्या अखेरीस एक पालक मुलीचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. मुलगी अकरावीत. लॅपटॉप जुन्या बाजारात घेतलेला, आत ‘कोअर टू ड्युओ’ जातीचा प्रोसेसर. त्यावर २०२३ साली विंडोज ११ मीच बसवून दिले होते. वास्तविक ते यंत्र त्या प्रणालीच्या यादीत बसत नव्हते. पण तपासणीला बगल देण्याची युक्ती मला ठाऊक होती आणि तिचा थोडा अभिमानही होता. आता पडद्यावर सूचना आली होती की, या आवृत्तीची मुदत संपली. पालक म्हणाले, “भाऊ, यंत्र तर चालू आहे, मग बिघडले काय?”

या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभा आहे.

विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आले. त्याच्या अटी पूर्वीपेक्षा कडक होत्या. किल्ल्या आणि सांकेतिक खुणा जपून ठेवणारी टीपीएम २.० ही सोय, सिक्युअर बूट, निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. म्हणजे त्याआधीचे बहुतेक संगणक, ते कितीही धडधाकट असोत, दाराबाहेर राहिले. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधारही संपला.

मग माझ्यासारखे कारागीर बगल देतात. प्रणाली बसते, चालतेही. पण ती देणाऱ्या कंपनीने आधीच स्पष्ट सांगितले आहे की, अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच असा हक्क नाही. त्यातून २०२४ साली आलेल्या आवृत्तीत प्रोसेसरला काही विशिष्ट आज्ञा कळणे सक्तीचे झाले. त्या कोअर टू ड्युओला येत नाहीत. त्या मुलीच्या लॅपटॉपवर मी नवी आवृत्ती घालून पाहिली; तो सुरूच होईना. तेथे कोणतीही युक्ती चालत नाही, कारण ती अडवणूक नियमाची नव्हे, प्रोसेसरच्या घडणीची आहे. आणि आधीच्या आवृत्तीची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ रोजीच संपलेली. पुढे वाट नाही, मागे आधार नाही!

तेव्हा मी त्या पालकांना म्हणालो, “साहेब, यंत्र चालणे वेगळे आणि त्याची काळजी कोणी घेत असणे वेगळे.” प्रणालीत रोज नवी भोके सापडतात. ती बुजवणारा कोणी असेल तर यंत्र जुने असूनही सुरक्षित. नसेल तर ते दिसायला नवे असूनही उघडे. मी त्यांना दिखाऊ नवेपणा दिला होता. ती चूक माझी होती, आणि ती सुधारण्याचे पैसे मी घेतले नाहीत.

सुधारणा अशी केली. प्रथम मुलीच्या वह्या-टिपणे, फोटो, दाखले वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम ४ जीबी केली आणि लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घातली. तिच्या सध्याच्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. लॅपटॉप धावू लागला असे मी म्हणणार नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो, मराठी टंकलेखन होते, धडे पाहता येतात.

मुक्त प्रणाली म्हणजे अमरपट्टा, असेही समजू नका. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहिले ते ३८६ प्रोसेसरवर. त्याच ३८६ चा आधार २०१२ साली काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ जुन्या ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवता येत नाही. पण पहा, ३८६ ला तेथे वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले गेले. कोणतीही प्रणाली घेताना मुदत कोणत्या सालापर्यंत, हे आधी विचारावे, एवढाच याचा बोध.

आता संस्थेच्या दृष्टीने तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, कार्यालय. निकाल, फी, पगार आणि टॅलीचे हिशेब ज्या यंत्रांवर आहेत तेथे काटकसर करू नये. टॅली विंडोजवरच चालते, म्हणून तेथे अटीत बसणारे यंत्रच हवे. ताबडतोब खरेदी शक्य नसेल तर विंडोज १० साठी शैक्षणिक संस्थांना वाढीव दुरुस्त्यांची सवलत जाहीर झाली आहे : दर संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ व तिसऱ्या वर्षी ४ डॉलर. तेवढ्या अवधीत संस्थेला पैशाची तरतूद करता येईल.

दुसरी, प्रयोगशाळा. तेथील सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक भंगारात देऊ नका. त्यांच्यावर लिनक्स उत्तम चालते. केरळातील सरकारी शाळांनी ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्पातून मुक्त प्रणालीचा मार्ग फार पूर्वीच धरला. आज ‘काइट’ ही तेथील संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती पुरवते. मात्र एकदम सारे बदलू नका. पेनड्राइव्हवरून प्रणाली न बसवताही चालवून पाहता येते. तशी एका यंत्रावर आठवडाभर चालवा. छपाईयंत्र, स्कॅनर, वायफाय तपासा. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्वीच्या फाँटात असतील तर त्या आधी रूपांतरित करून घ्या, नाहीतर ऐन परीक्षेच्या तोंडावर मराठीच्या जागी नुसती चिन्हे दिसतील.

तिसरी, घरचे यंत्र. दर वर्षी एखाद्या रविवारी पालकांना जुने लॅपटॉप घेऊन शाळेत बोलवा. कोणते यंत्र कशावर चालेल, कुठवर चालेल, हे त्यांना खरेखरे सांगा. वरच्या वर्गातली मुले हे काम शिकतील. मी शिकवायला येईन.

शेवटी, त्या मुलीच्या वडिलांनी जाताना विचारले, “हे किती वर्षे चालेल?” या वेळी मी सालासकट उत्तर दिले आणि ते कागदावर लिहूनही दिले. प्रत्येक संगणकावर असा एक कागद चिकटवलेला असावा, एवढीच माझी विनंती आहे.