हित कोणी ठरवावयाचे?



सज्ञान मनुष्यास स्वतःचे हित कळते असे गृहीत धरूनच १८७२ चा करार कायदा उभा आहे. हे गृहीतच खोटे आहे, असे म्हणणारे एक शास्त्र आता पुढे आले आहे. अमेरिकेतील रिचर्ड थेलर व कॅस सनस्टीन यांनी २००८ साली ‘नज’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की, मनुष्य विसराळू आहे, चालढकल करणारा आहे. म्हणून सरकारने सक्ती न करता त्यास कोपराने हळूच ढोसावे व नकाराची वाट मोकळी ठेवावी.

मी या विचाराची टवाळी करणार नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून पात्र कामगाराचे नाव मालकानेच निवृत्तिवेतन योजनेत घालावयाचे, नको असल्यास कामगाराने महिन्याभरात बाहेर पडावयाचे, असा नियम झाला. बहुसंख्य आत राहिले. मालकासही वर्गणी भरावी लागते, हे मात्र विसरू नये.

आता आपला पीक विमा पाहा. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आली, तेव्हा कर्जदार शेतकऱ्यास विमा सक्तीचा होता. २०२० च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. पण कसा ऐच्छिक? कर्जदाराने अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी ‘मला नको’ असे बँकेस लिहून द्यावयाचे. न दिल्यास हप्ता कापला जावयाचा. ज्याने कर्ज घेतले नाही, त्यास मात्र मागितल्यावाचून विमा नाही!

विमा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. खरिपाच्या धान्यास शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्क्यांवर जात नाही. परंतु ज्यास सात दिवसांची अट कोणी सांगितलीच नाही, त्याच्या मौनास संमती कसे म्हणावे? आणि मनुष्यमात्र चुकतो, तर योजना आखणारा अधिकारी मनुष्य नव्हे काय? ‘तुमचे हित आम्हांस अधिक कळते’ हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ ऐकले आहे.

तेव्हा ज्यांच्या नावे पीककर्ज आहे, त्यांनी बँकेत जाऊन विचारावे: हप्ता किती कापणार, आणि नाकारण्याची शेवटची तारीख कोणती? उत्तर लेखी मागावे. मग घ्यावयाचा तर खुशाल घ्यावा. माझ्या थोरल्या बंधूंनी तो घेतला आहे. मला न विचारता.