शाळेत कलावंत : पण कुणाच्या बाजूचा?

(पाली येथील युवक शिबिरात केलेलं भाषण)

तुमच्यातले निम्मे आज खोपोलीहून येस्टीनं आले, निम्मे वाकण फाट्यावरून. उतरल्या उतरल्या डोक्यावर सरसगड दिसला, बल्लाळेश्वराची रांग दिसली, नारळ-पेढ्यांची दुकानं दिसली. कातकरीवाडी दिसली नाही. ती रस्त्यावरून दिसत नाही. मला आज तिथल्या पोरांबद्दल बोलायचंय, आणि आपल्याबद्दल.

विषय दिलाय 'शाळेतला निवासी कलावंत'. शब्द गुळगुळीत आहे. अर्थ साधा. चित्रकार, कवी, शाहीर, नट, कुंभार, कुणीही असो, त्यानं काही आठवडे शाळेत मुक्काम ठोकायचा. आपलं काम पोरांसमोर करायचं, पोरांना त्यांचं करू द्यायचं. हार घालून, दोन शब्द बोलून निघून जायचं नाही. अमेरिकेत सरकारी पैशानं ही योजना १९६९ साली सुरू झाली. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९४९ साली, लँग्स्टन ह्यूज हा काळा कवी शिकागोतल्या विद्यापीठाच्या शाळेत तीन महिने मुलांमध्ये काम करत होता. दक्षिणेतल्या राज्यांत त्याच्या जातभाईंच्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

आपल्याकडं काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची सांगते : सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक. आता वाडीजवळच्या शाळेनं शंभर पोरं आणायची कुठून? म्हणजे जिथं गरज जास्त तिथंच कायदा हात वर करतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर प्रत्येक शाळेत, निदान शाळांच्या समूहात, निवासी कलावंत असावा असं म्हटलंय. कागद झकास आहे. आता जरा चिखलात उतरू.

मी या बाजूच्या एका शाळेत पहिल्यांदा गेलो तो जानेवारीत. रंगांचं खोकं घेऊन, मोठ्या ऐटीत. वर्गात निम्मे बाक रिकामे. गुरुजी म्हणाले, "दिवाळी झाली की कातकरी जातात वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर. पोरं आईबापाबरोबर. पावसाच्या तोंडावर येतील." ज्यांच्यासाठी आलो ते तिथं नव्हतेच. मुंबईत बसून आखलेला कार्यक्रम असाच असतो. आपल्या सवडीनं आखलेला.

मग पुन्हा गेलो ते जुलैत. लावणीची कामं चालली होती. सहा आठवडे राहिलो. पहिल्या दिवशी म्हटलं, काढा रे काय वाटेल ते. चाळीस पोरं, चाळीस चित्रं, आणि चित्र एकच. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, काठाला कौलारू घर, दोन माड. खिडकीबाहेर सरसगड पावसात काळाभोर उभा. एकानं त्याच्याकडं बघितलं नाही. चित्र म्हणजे जे आपलं नाही ते काढायचं, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. अक्षर शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

रंगांचं खोकं मी बंद करून ठेवलं. चुलीतला कोळसा, गेरू, तांदळाचं पीठ, पाण्यात कालवलेली माती एवढंच काढलं. तिसऱ्या आठवड्यात एका कातकरी पोरानं कोळशानं वीटभट्टी काढली. थर मोजून. कुठल्या थराला धूर कुठून निघतो, सगळं बरोबर. आई साच्यात माती थापतेय, पाठीला पोर बांधलंय. आणि कोपऱ्यात खुर्चीवर एक माणूस, हातात वही. त्या माणसाला तोंड नव्हतं. मी विचारलं, तोंड का नाही रे? म्हणाला, "त्याच्याकडं वर बघायचं नाय ना."

दोस्तहो, मी जे. जे.च्या भिंतींवर पुष्कळ चित्रं बघितलीत. असं नाही बघितलं.

पंधरा ऑगस्टला पोरांचं प्रदर्शन ठेवलं. पाहुणे कोण? शाळेला पंखे देणारे एक भट्टीमालक. आदल्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं गेलं, तेवढं एक चित्र उतरवा, उगाच वाईट दिसतं. आणि मी ते उतरवलं. होय, मी. मोर्चात पुढं असणारा, माईकवर गळा फाडणारा. मला वाटलं, पुढच्या वर्षी पुन्हा यायचंय, संबंध कशाला बिघडवा. पोरगं काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कागद मागितला आणि दोन डोंगर काढले. मधे सूर्य.

मी सहा आठवड्यांत जे उघडलं ते एका संध्याकाळी बंद केलं. हा हिशेब मला आजही चुकता करता आलेला नाही. म्हणून तुमच्यापुढं उभा आहे.

दुसरी गोष्ट. शाळेला 'स्थानिक लोककला' पाहिजे होती. बौद्धवाडीतल्या एकाला निरोप गेला, ढोल घेऊन या, पोरांना शिकवा. तो आला, पण हात हलवत. म्हणाला, "माझ्या बापानं छप्पन्न सालानंतर गावकीचं वाजवणं सोडलं. त्यापायी मार खाल्ला. पोराला शाळेत घातला तो पुन्हा गळ्यात ढोल अडकवायला नाय."

याला उत्तर काय? १९५३ साली मद्रासेत राजाजींनी योजना काढली होती : अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस बापाचा धंदा. पेरियारांनी रान उठवलं, तिला कुलकल्वी म्हटलं, म्हणजे कुळाचं शिक्षण. राजाजींना जावं लागलं आणि १९५४ मध्ये कामराजांनी ती योजना गाडून टाकली. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावलं होतं, जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती कामगारांचीच वाटणी आहे. तेव्हा 'स्थानिक कला' हा शब्द कुणी गोड आवाजात उच्चारला की कान टवकारा. चांभाराच्या पोराला चामडं, बुरुडाच्या पोराला बांबू आणि देशपांड्यांच्या पोराला कविता, असं असेल तर तो कलावर्ग नाही, ती बलुतेदारीच.

पण म्हणून ढोल जाळायचा काय? नाही. ढोल सगळ्या आळ्यांच्या पोरांच्या गळ्यात पडू द्या. शिकवणाऱ्याला खुर्ची द्या, मानधन द्या, 'सर' म्हणा. आणि त्याला नको असेल तर त्याचा नकार माना.

आणि पात्रता कसली विचारता? अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस टिकले असं सांगतात. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरं शिकले. आज शाळेत त्यांच्या जयंत्या होतात. हेच दोघे उद्या निवासी कलावंत म्हणून अर्ज घेऊन आले तर कारकून पहिलं काय मागेल? पदवीचं प्रमाणपत्र!

तेव्हा शाळेत शिरण्याआधी आपल्या अटी ठरवून घ्या :

एक. वेळापत्रक पोरांच्या पोटावरून ठरेल. या भागात जून ते दिवाळी. नंतर जायचं तर भट्टीवर जा, तिथं वर्ग भरवा.

दोन. सहा आठवड्यांच्या आत काही होत नाही. एक दिवसाची कार्यशाळा म्हणजे फोटो.

तीन. वर्गशिक्षक सोबत पाहिजेच. कलावंत जातो, गुरुजी राहतात. त्यांना वगळून केलेलं काम तुमच्या येस्टीबरोबरच निघून जातं.

चार. फुकट राबू नका. फुकटची कला म्हणजे वेठ. आपल्या आज्यांनी वेठ पुष्कळ केली.

पाच. चित्र पोराचं. लावायचं की नाही हे पोर ठरवेल. पाहुणा ठरवणार नाही, शाळा ठरवणार नाही, आणि तुम्हीही नाही. ही अट पहिल्या दिवशी लिहून घ्या. मी घेतली नव्हती.

तुम्ही कविता करता, पथनाट्य करता, पोस्टर रंगवता. दादरला, परळला टाळ्या मिळतात. त्या टाळ्या आपल्याच माणसांच्या. इकडं या. पण उद्धार करायला येऊ नका. त्या पोराला भट्टी माझ्याहून चांगली काढता येत होती. त्याला माझ्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती : ते चित्र भिंतीवर टिकावं म्हणून कुणीतरी त्या भिंतीपुढं उभं राहावं.

पुढच्या जुलैत मी पुन्हा जाणार आहे. कागद पोरांना देईन. भिंतीपुढं मी उभा राहीन. कोण येतंय बरोबर?

जय भीम.