तुंबाडचं सोनं आणि आमचा मळा

'तुंबाड' हा हिंदी चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरात आला, तेव्हा मी तो मुद्दाम पाहिला नाही. तसा माझा त्या चित्रपटावर रागच होता. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरातून आणलेले 'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड मी शाळेत नवा असताना पावसाळ्याच्या रात्रींत वाचून काढले होते. श्री. ना. पेंडसे यांची ही कादंबरी १९८७ साली आली. जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या कित्येक पिढ्यांची ती कहाणी. तिच्यावर चित्रपट काढायचा तर तिच्यात भूत कशाला घालायचं, असं मला वाटे.

सप्टेंबर २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा थिएटरांत लागला. मुलगा गोव्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, "बाबा, चला तरी." दोडामार्गची सीमा ओलांडली की गोवाच. गेलो.

आधी एक गैरसमज दूर करतो. हा चित्रपट पेंडश्यांच्या कादंबरीवर बेतलेला नाही. पेंडश्यांची कादंबरी पडद्यावर आलीच नाही, असंही नाही. 'गारंबीचा बापू'वर १९८० साली चित्रपट निघाला आणि काशिनाथ घाणेकरांनी त्यात बापू केला. पण दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी पेंडश्यांकडून घेतलं ते मुख्यतः गावाचं नाव. गोष्टीचं मूळ नारायण धारपांच्या 'आजी' या भयकथेत आहे. बर्वे यांनी ही गोष्ट लहानपणी मित्राकडून ऐकली होती.

तरीही पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि माझा राग ओसरला. तो पाऊस आपला होता. अनेक पावसाळे थांबून त्यांनी खऱ्या पावसात चित्रण केलं आहे.

चित्रपटातली कथा अशी. जगाला धान्य आणि सोनं देणाऱ्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला सगळंच हवं असतं. सोनं त्याने बळकावलं, पण धान्याला हात घालताच देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात घेऊन वाचवलं. तेव्हापासून तो तिच्या गर्भात आहे. कमरेला सोन्याच्या मोहरा आणि पोटात भूक. विनायकराव नावाचा माणूस पिठाची बाहुली घेऊन विहिरीतून खाली उतरतो. हस्तर पिठावर झडप घालतो, तेवढ्यात हा त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढून घेतो. पुण्यात घर, पैसा, चैन सगळं होतं. मोहरा संपल्या की पुन्हा तुंबाड.

श्रोतेहो, मला भीती वाटली ती राक्षसाची नाही. विनायकराव आपल्या पायाने अधू मुलाला ही विद्या शिकवतो, त्याची वाटली. बाप जरा सांभाळून असतो. मुलगा म्हणतो, थोड्या मोहरा कशाला, अख्खा लंगोटच आणू, बाहुल्या जास्त नेऊ. तिथून सर्वनाश सुरू होतो.

पेंडश्यांच्या कादंबरीत जे आहे आणि चित्रपटात नाही, तेही सांगायला हवं. कादंबरीत गाव आहे. कुळं आहेत, भाऊबंद आहेत, बायकांचे हुंदके आहेत. एका घराचा माज आणि त्याची झळ सगळ्या गावाला. चित्रपटातल्या तुंबाडला शेजारच नाही. त्यामुळे हाव ही एका घराची खासगी व्याधी वाटते. ती तशी नसते, हे आम्ही दोडामार्गकर पाहतो आहोत.

दोडामार्ग तालुका १९९९ मध्ये झाला. पुढच्या वर्षांत आमच्या डोंगरांना बाहेरून गिऱ्हाइकं आली. कोणी रबर लावायला, कोणी नुसती जमीन घालून ठेवायला. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि दलालांच्या फेऱ्या वाढल्या. जुलै २०२१ मध्ये कळण्याला खाणीचा बांध फुटून चिखल घरांत आणि बागायतीत शिरला, तो ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको.

मी काही सोवळा नाही. माझ्या वाट्याचा डोंगर मी २००६ साली विकला. मुलाचं शिक्षण आणि घरावरचा स्लॅब त्यातूनच झाला, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण त्या डोंगरातून शेजाऱ्याची गुरं जायची ती वाट कुंपणात गेली. तेव्हा मी शेजाऱ्याला विचारलंही नव्हतं. तो अजून माझ्याशी बोलतो, पण गुरं त्याने विकली.

चित्रपट पाहिला तेव्हा घरामागच्या मळ्याचा सौदा ठरत आला होता. दहा वर्षं पडीक मळा. भात बाजारातून आणायचं. दलाल गावचाच, माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "मास्तरानू, जमीन काय खावची आसा? पैसो घेवा आणि मोकळे होवा." इसाराची रक्कम माझ्या कपाटात होती.

परतताना मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, बापाशीपेक्षा झील हावरो निघालो."

मी म्हटलं, "पण शेवटी लंगोट नको म्हणालो तोही झीलच."

एवढंच बोलणं झालं. मला राहून राहून आठवत होतं ते त्या हस्तरचं पिठावर तुटून पडणं. सगळं सोनं ज्याच्याजवळ, तो मूठभर पिठासाठी तडफडतो. आमचा मळा पिठाचा होता आणि मी तो मोहरांवर घालायला निघालो होतो.

इसार परत केला. २०२५ च्या पावसात अर्ध्या मळ्यात भात लावलं. मुलगा रजा काढून आला, पॉवर टिलर भाड्याने आणला, लावणीला माणसं मिळेनात म्हणून शेजारी आला. तोच, गुरांच्या वाटेचा. काही भात रानडुकरांनी नेलं. हिशेब मांडला तर दुकानातला तांदूळ स्वस्त पडला असता. मी हिशेब वहीत लिहून ठेवला आहे, लपवलेला नाही.

उद्या आजारपण आलं किंवा नातीच्या शिक्षणाचा खर्च उभा राहिला तर काय करीन, हे आज छातीठोकपणे सांगत नाही. पण आता विकायची वेळ आली तर आधी कुंपणापलीकडच्या माणसाला विचारीन, आणि किती विकायचं ते मुलासमोर बसून ठरवीन.

दलाल विद्यार्थी अजून येतो. ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि जाताना मळ्याकडे बघून विचारतो, "मास्तरानू, यंदा किती झाला भात?"