परमुलखाचा वकील आणि आपला दस्त

(गांवच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



परदेशच्या वकिलांनीं आपल्या देशांत किती वकिली करावी, या प्रश्नाशीं नांगर हांकणाराला आणि ऐरणीवर घण घालणाराला काय कर्तव्य, असें पुष्कळांस वाटेल. पण कायदा आपल्या दाराशीं येतो तो कागदाच्या रूपानें येतो. नाशकाकडचीं द्राक्षें आज रॉटरडॅमच्या बंदरांत उतरतात. माल तिकडे गेला कीं तिकडचा करार इकडे येणारच. म्हणून हें समजून घ्या.

आपला वकिलीचा कायदा १९६१ सालचा. त्याप्रमाणें सनदी वकिलाखेरीज कोणास वकिली करतां येत नाहीं. बेकायदा कोर्टांत उभा राहील त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. १९९० नंतर रिझर्व्ह बँकेनें कांहीं परदेशी वकिली कंपन्यांस येथें कचेऱ्या उघडूं दिल्या. कोर्टांत न जातां नुसता सल्ला देणें ही वकिली नव्हे, असें त्या बाजूचें म्हणणें. मुंबई हायकोर्टानें १६ डिसेंबर २००९ रोजीं तें फेटाळलें. सल्ला देणें व मसुदा करणें हीही वकिलीच, असा निकाल झाला. १३ मार्च २०१८ रोजीं सुप्रीम कोर्टानें हेंच तत्त्व उचललें. मात्र परदेशी वकिलानें प्रसंगानें येऊन स्वतःच्या देशाच्या कायद्यावर सल्ला द्यावा व परत जावें, यास मोकळीक ठेविली. पुढें मार्च २०२३ मध्यें बार कौन्सिलनें नियम केले व २०२५ सालीं ते सुधारले.

नियमांचें सार असें. नोंदणीवांचून येईल त्यानें बारा महिन्यांत साठ दिवसांहून अधिक राहूं नये. नोंदणी केलेल्यानें परदेशचा व आंतरराष्ट्रीय कायदा सांगावा. आपल्या कोर्टांत उभें राहूं नये. त्याच्या देशानेंही आपल्या वकिलांस तशीच वाट दिली पाहिजे. आणि जमिनीचें खरेदीखत करणें किंवा मालकीहक्काचा शोध घेणें, या कामाला त्यानें हात लावूं नये. हें शेवटचें कलम तुमच्या पोटाशीं निगडित आहे.

कोणी म्हणतात, परक्याला साफ बंद करा. मी तसें म्हणत नाहीं. गाडीचें चाक करतांना तुंबा आणि आरे सुतारानें बसवावे, लोखंडी धाव लोहारानें चढवावी. रॉटरडॅमला पेटीवरून तंटा लागला तर तेथला कायदा तालुक्याचा वकील कोठून सांगणार? तेथें तेथलाच जाणता पाहिजे. पण धाव चढविणाऱ्यानें आरे तासूं नयेत. ज्याला सातबारा वाचतां येत नाहीं, त्याच्या हातीं शेताचा दस्त देऊं नये.

तथापि परक्याला उंबऱ्याशीं अडविलें म्हणजे आपलें घर सुरक्षित झालें, असें समजूं नका. न समजणाऱ्या भाषेंतला कागद आपल्याच माणसानें पुढें केला, तरी तोही परकाच. महाराष्ट्रांत १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. तेव्हां मराठींत सांगा, असें म्हणण्यांत लाज कसली? १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक यांस उत्पन्न न पाहतां फुकट वकील मिळतो. इतरांस उत्पन्नाच्या मर्यादेंत मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिती असते. तेथें जा, विचारा.

माझें मागणें तीन गोष्टींचें. जमिनीच्या दस्ताचें तें कलम कधींही ढिलें होऊं नये. शेतकऱ्याशीं व कारागिराशीं होणारा प्रत्येक करार मराठींतही लिहिलेला असावा. आणि तंटा लागल्यास तो कोणत्या गांवीं व कोणत्या कायद्यानें तुटणार, हें सहीपूर्वीं मोठ्यानें वाचून दाखवावें. पहिली गोष्ट बार कौन्सिलच्या हातीं आहे. दुसरी व तिसरी तुमच्या हातीं आहे, कारण सही तुमची आहे. घरांत शाळेंत जाणारें पोर असेल तर त्याच्याकडून कागद वाचवून घ्या. अंगठा एकदां उठला कीं तो पुसतां येत नाहीं.