नदी रंगवणाऱ्यांना साथ

आटत चाललेली नदी मोजायला अभियंता लागतो. पण तिच्याबरोबर गावाचं काय काय गेलं, हे दाखवायला चित्रकार लागतो, नाटकवाला लागतो. त्यांना पैसा कुठून मिळावा?

अ‍ॅमस्टरडॅमचा प्रिन्स क्लाऊस फंड १९९६ साली सुरू झाला. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या कलावंतांना तो मदत करतो. नवोदितांसाठी त्याचा ५,००० युरोंचा बीज-पुरस्कार आहे. शिवाय पर्यावरणबदलावर काम करणाऱ्या कलावंतांसाठी वर्षभराचं मार्गदर्शन, तेही जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटसोबत. पुण्या-मुंबईचं मॅक्सम्युलर भवन याच संस्थेचं.

मला यातलं मार्गदर्शन पैशाहून मोलाचं वाटतं. खारफुटीवर लघुपट करणारी पंचविशीतली मुलगी कॅमेऱ्यापाशी अडत नाही. ती अडते मच्छीमाराच्या ओट्यावर. काय विचारावं, काय विचारू नये, कधी नुसतं बसून राहावं, इथं. तेव्हा शेजारी जाणतं माणूस हवं.

आणि तरुण मित्रांनो, अशा अनुदानाचा अर्ज भरताना खर्चाच्या तपशिलात प्रवास लिहा, साहित्य लिहा, पण स्वतःचं मानधनही लिहा. ते मागायला संकोचू नका.