समुद्राकांठचें गोडें पाणी

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं मुरूडचा जंजिरा पाहिला असेल, त्यांना भर समुद्रांतील त्या किल्ल्यांतले गोड्या पाण्याचे दोन तलाव आठवतील. संभाजीराजांच्या १६८२ च्या वेढ्यांतहि किल्ला तगला, त्यास तटाइतकाच ह्या पाण्याचा आधार होता.

पृथ्वीवरील सुमारें ९७ टक्के पाणी खारें. उरलेल्या गोड्या पाण्यापैकीं बहुतेक बर्फांत गोठलेलें वा भूगर्भांत दडलेलें आहे.

समुद्रकिनाऱ्यावर जमिनीखालींहि गोडें पाणी खाऱ्यावर तरंगत असतें. त्याची पातळी १ फूट उतरली, कीं खालचें खारें पाणी कालांतरानें सुमारें ४० फूट वर सरकूं शकतें. म्हणून बेसुमार उपसलेली विहीर आटण्यापूर्वींच खारट होते. रायगडच्या किनाऱ्यावर पर्जन्य विपुल आहे. तें तळ्यांत सांठवून व जमिनींत मुरवून राखलें, तरच विहिरी गोड राहतील.